हिवाळे सरांची खिम्याची लादी

‘चिमूटभर’ हा शब्द हिवाळे सरांना अजिबात खपायचा नाही.

“चिमूटभर म्हंजे किती, वायाळ सर? कोणाची चिमूट? तुमची का माझी?” असं म्हणून ते आपला पंजा माझ्या हाताशेजारी धरायचे. माणूस जेमतेम सव्वापाच फूट, पण पंजा पैलवानाचा. त्यांच्या घरी चहासुद्धा मापात व्हायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतून मोडीत निघालेलं एक चंचुपात्र त्यांनी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन घरी आणलं होतं. त्याच्यावरच्या रेघा पाहून ते चहाचं पाणी ठेवायचे, आणि रेघेपेक्षा थेंबभर जास्त झालं तर तो थेंब मोरीत ओतायचे. मी हसायचो. ते म्हणायचे, “हसा. पण तुमच्या घरचा चहा रोज येगळा लागतो, माझा रोज एकच लागतो.” ते खरं होतं.

मंठ्याच्या शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर काढली. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. पुढं घरंही शेजारी बांधली, मध्ये एकच भिंत. माणूस बोलायला तुटक, रागवायला कंजूष आणि वेळेला घड्याळाच्या पुढं. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नाही. पेपरात चूक दिसली तरी तिच्याखाली रेघ मारायचे.

त्यांचं सगळं शिकवणं एका वाक्यात मावायचं. “पाह्यल्याबिगर लिहायचं न्हाई.”

आठवीच्या वर्गाची गोष्ट सांगतो. आम्लात निळा लिटमस कागद बुडवायचा आणि काय होतं ते प्रयोगवहीत लिहायचं, एवढा साधा प्रयोग. तास संपल्यावर सर वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि एकटेच हसत बसले. मी विचारलं तर गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. सगळ्या वर्गानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘निळा लिटमस तांबडा झाला.’ एका मुलीनं तेवढं लिहिलं होतं, ‘काहीच झाले नाही.’

“बाटलीत पाणी होतं,” सर म्हणाले. “नुस्तं पाणी.”

त्यांनी त्या मुलीला पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीच्यांना मारलं नाही, उभं केलं नाही, ओरडलेही नाहीत. प्रत्येकाच्या वहीत लाल शाईनं दोनच शब्द लिहिले, ‘पाहिलं नाही.’ बाटलीत पाणी त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं की चुकून राहिलं होतं, हे मी पुष्कळदा विचारलं. ते नुसते पेनाचं टोपण लावायचे.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. हिवाळे सर बौद्ध, मी मराठा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या शेजारात मी त्यांच्या घरी अन्नाचा एक घास खाल्ला नव्हता.

चहा चालायचा. चहाच्या बाबतीत आम्ही फार पुढारलेले होतो. जेवण मात्र नाही. शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की एकमेकांच्या भाज्यांवर आमचे हात पडायचे. हिवाळे सर नेमके तेव्हाच वह्या तपासायला काढायचे. आम्ही म्हणायचो, काय कामसू माणूस! त्यांच्या डब्याकडं कोणाचा हात जात नाही म्हणून ते वह्या काढतात, हे मला कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. कळत होतं. न कळल्यासारखं करणं सोपं होतं, म्हणून तसं केलं.

सरांच्या पत्नी, विमलवहिनी, दर बुद्धपौर्णिमेला आम्हाला खिरीचं आमंत्रण द्यायच्या. मी आणि माझी बायको सुमन घरून पोटभर जेवून जायचो, ‘आत्ताच जेवलो’ म्हणायचो, आणि चहा घेऊन परत यायचो. वहिनींनी कधी आग्रह केला नाही. एकदाच म्हणाल्या, “तुमचं जेवण लई लवकर होतं, भाऊ.” पहिल्यांदा माझी आई घरात होती म्हणून मी जेवलो नाही. आई गेल्यावर सवय होती म्हणून जेवलो नाही. पुढं विमलवहिनीही गेल्या आणि खीर थांबली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

वहिनींच्या मागं सर एकटे राहिले. त्यांची एकुलती मुलगी स्नेहल अमेरिकेत नोकरीला. तिची मुलगी मिली, नऊ वर्षांची. दोघी एकदा डिसेंबरात येऊन गेल्या, तेव्हा मिली पंधरा दिवस बिस्किटं आणि केळ्यांवर जगली. सरांनी तिच्यासाठी काय काय केलं. पोरगी ताटाकडं पाहून गोड हसायची आणि ताट मागं सारायची. त्या गेल्यावर सर ओट्यावर बसले होते. मी भिंतीपलीकडून विचारलं, “करमत न्हाई का?”

“करमायचं काय,” ते म्हणाले. “माझ्या घरी कोणी जेवत न्हाई, वायाळ सर. नातबी न्हाई.”

त्यातला ‘बी’ माझ्यासाठी होता. मी भिंतीवरचं शेवाळ खरवडत राहिलो.

मिलीला घरी काय आवडतं, ते सरांनी फोनवर विचारून घेतलं. तिला आवडायचा मीटलोफ. खिम्यात अंडं, कांदा आणि पावाचा चुरा मळून, पावासारखा आकार देऊन भाजायचा, वर टोमॅटोचा गोडसर लेप द्यायचा आणि काप करून खायचे. “लोफ म्हंजे लादी,” सरांनी मला समजावलं. “खिम्याची लादी.” स्नेहलनं एअर फ्रायर, गरम वाऱ्यावर भाजायचं मशीन, आणून ठेवलाच होता; तो इतके दिवस वहिनींच्या शिवणयंत्रावर झाकून ठेवलेला होता. सरांनी त्याच्यावरचं कापड काढलं, दोनशे पानी नवी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘प्रयोग क्र. १’. मिली पुढच्या डिसेंबरात परत येणार होती. तोवर लादी जमली पाहिजे, असा हुकूम त्यांनी स्वतःलाच सोडला.

पहिल्या प्रयोगात खिम्यावर नुसती टाकलेली फॉइलची चंदेरी पट्टी आतल्या वाऱ्यानं उडाली आणि वर जाऊन चिकटली. घरभर धूर. मी भिंतीवरून ओरडलो, “सर, काही जळून राह्यलं!” आतून आवाज आला, “मला माहीत हाय. मी लिहून राह्यलो.” दुसऱ्यांदा वरून कोळसा आणि आतून कच्चं. तिसऱ्यांदा सगळं बराबर चाललेलं असताना लाईट गेली. लाईट येईतोवर सर मशीनपुढं खुर्ची टाकून बसून होते, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. चौथ्यांदा लादी झाली, पण दम न धरता गरमच कापली, तिचा भुगा झाला. आतून शिजली का ते पाहायला ते वहिनींची विणायची सुई वापरायचे. सुई खुपसायची, बाहेर आलेला रस चष्मा वर करून पाहायचा, लाल असला तर आणखी पाच मिनिटं. “विमलनं या सुईनं माझे सोटर केले,” ते एकदा म्हणाले. “आता माझ्या परीक्षा घेऊन राह्यली.”

प्रत्येक प्रयोगाला चाखणारा लागायचा, आणि चाखणारा म्हणून त्यांनी मला धरलं. मटण मी खातो, हे त्यांना ठाऊक होतं. जालन्याच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर मी बोटं चाटून खायचो, तिथला आचारी कोणाचा कोण हे मी जन्मात विचारलं नव्हतं. हिवाळे सर कोण, ते मला माहीत होतं. फरक एवढाच होता.

पण मराठी माणसाला नाही म्हणायला वार पुरतात. पहिल्यांदा मी म्हणालो, “आज सोमवार, सर.” दुसऱ्यांदा गुरुवार निघाला. तिसऱ्यांदा वार मोकळा होता तर एकादशी सापडली. मग श्रावण लागला, महिन्याची निश्चिंती झाली. सरांनी यातलं काहीही हसण्यावारी नेलं नाही. ते खरोखरच माझे वार पाळू लागले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्यांनी माझ्या सोमवार, गुरुवार, शनिवारांवर लाल फुल्या मारल्या. चतुर्थ्या, एकादश्या धरल्या. एके दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाले,

“आज बुधवार. एकादशी न्हाई, चतुर्थी न्हाई, श्रावण संपला, पितृपक्ष लागायचाय. मी सगळं पाहून ठेवलं. सातवा प्रयोग हाय. या.”

मी गेलो. सरांनी टेबलावर दोन ताटं मांडली होती. एक खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवलेली. लादी मधोमध, कडा तांबूस, वरचा लेप चकाकत होता. दहा मिनिटं निवू दिली, मग त्यांनी सुरी धुतली, पुसली आणि दोन काप काढले. एकही तुकडा मोडला नाही. निकालाची वाट पाहणाऱ्या पोरानं पाहावं तसं सरांनी माझ्याकडं पाहिलं. वास तर असा सुटला होता की तोंडाला पाणी आलं. आणि मी म्हणालो,

“सर, सुमन वाट पाहत असंल. डब्यात द्या ना, घरी जाऊन दोघं खातो.”

सरांनी ओढलेली खुर्ची परत आत सारली. मग म्हणाले, “हौ, तसं करा. वहिनीबी खातेल.” त्यांनी स्टीलच्या डब्यात दोन्ही काप ठेवले, आपल्या ताटातलासुद्धा.

सुमननं डबा पाहिला आणि परत कामाला लागली. मी मागच्या दाराशी गेलो. तिथं एक पांढरं कुत्रं रोज येऊन बसायचं. पुढचं सांगत नाही. डबा राखेनं घासला, पुसला, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवला. रीतीला आम्ही फार जपतो.

अर्ध्या तासानं फाटक वाजलं. हिवाळे सर. पायात चप्पल नव्हती, दम लागला होता, हातात अर्धा खाल्लेला काप होता. “वायाळ सर, खाल्लं का? अहो, मी...”

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. डबा त्यांच्या हातात देत घाईघाईनं म्हणालो, “वा, सर! एक नंबर! मीठ तर अगदी बराबर!”

त्यांनी डबा उघडून पाहिला.

“गूळ कशाला?”

“रिकामा डबा कसा द्यायचा, सर.”

“बरं,” ते म्हणाले. हातातला काप त्यांनी गुळाशेजारी ठेवला, झाकण लावलं आणि फाटकाची कडी आवाज न करता लावून गेले. मी सुमनला म्हणालो, “खूश झाले वाटतं.”

त्यानंतर त्यांनी मला चाखायला कधी बोलावलं नाही. चहा तसाच चालू राहिला, त्याच रेघेपर्यंतचा, त्याच चवीचा. पेपर, पाऊस, सोयाबीन, सगळ्यावर बोलायचे. लादीचं नाव नाही. मला वाटलं, कंटाळले असतील. खरं सांगायचं तर बरं वाटलं. एक कटकट गेली.

डिसेंबरात मिली आली. एके दिवशी दुपारी मी भिंतीपलीकडं पाहिलं तर ती ओट्यावर मांडी घालून बसली होती, मांडीवर ताट, तोंडाला लाल लेप. सर समोर उभे, हातात सुरी. “आजोबा, अजून,” ती म्हणाली. सरांनी काप वाढला आणि पाठ वळवून चष्मा पुसू लागले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. एरवी त्यांनी हाक मारली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली, आणि मी वाळत घातलेला टॉवेल काढायला आल्यासारखं केलं.

सरांची तब्येत बरी नसायची, म्हणून स्नेहल त्यांना बरोबर घेऊन जायला निघाली. जीपमध्ये बसताना सरांनी मला घराची किल्ली दिली. “लिंबाला पाणी घाला. आन् मशीन महिन्यातून एकदा चालू करून पाहात जा, न्हाई तर खराब होती.”

मी लिंबाला पाणी घालायला जायचो. दुसऱ्याच आठवड्यात मशीनपाशी ती वही दिसली. उघडायला नको होती. उघडली.

सगळं त्यांच्या शिस्तीनं लिहिलेलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. खाली एक ओळ, ‘चाखणारे’. तिच्यापुढं माझं नाव आणि पुढं माझं कारण. ‘वायाळ सर, सोमवार.’ ‘वायाळ सर, गुरुवार.’ ‘वायाळ सर, एकादशी.’ एकही कारण त्यांनी गाळलं नव्हतं. मग सातवा प्रयोग आला. ‘निरीक्षण: लादी अखंड सुटली. कडा खरपूस. मीठ घालायचे राहून गेले. साफ अळणी. वायाळ सरांना सांगायला गेलो.’ आणि खाली, ‘वायाळ सरांचे मत: मीठ बराबर.’

त्याच्याखाली लाल शाईनं दोन शब्द होते. ‘चाखलं नाही.’

वही घेऊन मी त्यांच्या खुर्चीत बसलो. आधी मला राग आला. ज्याला चिमूटभर हा शब्द चालत नाही तो माणूस मीठ विसरेल? त्या बाटलीतल्या पाण्यासारखं हेही मुद्दामच असणार, असं मी स्वतःला पटवू पाहिलं. तसं असतं तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. पण मग ते अनवाणी कशाला पळत आले असते? परीक्षा घेणारा माणूस उत्तर सांगायला धावत येत नाही. ते मित्राला एवढंच सांगायला आले होते की, अहो, अळणी झालंय, वरून मीठ घ्या. आठव्या प्रयोगापासून चाखणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. शेवटच्या पानावर होतं, ‘मिली. दोनदा मागितली.’

सर तिकडून आठवड्याला एकदा फोन करायचे, चेहरा दिसेल असा. मी दर वेळी ठरवायचो, आज सांगायचं. सर, मी खाल्लं नव्हतं. माझी चूक झाली, एकदा नाही, तीस वर्षं झाली. तोंडाशी यायचं आणि मी लिंबाची खुशाली सांगायचो. त्यांनीही कधी विषय काढला नाही. जूनमध्ये स्नेहलचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजावरूनच कळलं.

त्यानंतर मी एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन लादी केली. सातव्या प्रयोगाप्रमाणं, मीठ न घालता. माझी लादी फुटली. तरी त्यांनी माझ्यासाठी ओढून ठेवलेल्या त्याच खुर्चीवर बसून दोन घास खाल्ले.

सर आता आठवतात ते मात्र शेवटच्या फोनवरचे. मंठ्यात सकाळचे सात वाजले होते, मी ओट्यावर बसलो होतो. पडद्यावर सर, मागं लेकीचं लखलखीत स्वयंपाकघर, अंगात तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. वाळले होते, पण हसत होते. त्यांनी एक ताट उचलून पुढं धरलं. ताटात लादीचा एक काप, कड तांबूस, कुठंही न मोडलेला.

“घ्या, वायाळ सर.”

आज सांगायचंच, असं ठरवून बसलो होतो मी. पण तीस वर्षांची जीभ माझ्याआधी वळली. “आज गुरुवार ना, सर,” मी म्हणालो.

ताट त्यांनी खाली घेतलं नाही, उलट आणखी जवळ आणलं, इतकं की त्यांचा चेहरा त्याच्यामागं गेला आणि नुसता आवाज आला.

“इथं अजून बुधवारच हाय, वायाळ सर.”